शेवट कुठे बघायचा: थिएटरात की घरी?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, सिनेमा लागलाय, पण आमच्याकडे दोनच शो आहेत. सकाळी साडेदहाचा नाहीतर रात्री पावणेअकराचा. रजा टाकून जाऊ, की थांबून घरीच बघू?" मी बसमध्ये उभा होतो, त्यामुळे "जा" एवढंच म्हणालो. तिने त्यावर "का?" विचारलं आणि तेवढ्यात फोन कटला. त्या "का"चं उत्तर नीट द्यायचं राहून गेलं होतं.

तिकीट, पार्किंग, पॉपकॉर्नचे भाव, पडदा किती मोठा, आवाज कसा, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. गेली दहाएक वर्षं मी दोन्हीकडे भरपूर सिनेमे पाहिलेत. मधली तीन-चार वर्षं तर जवळजवळ घरीच पाहिले. त्यातून माझ्यापुरता एकच निकष उरला आहे, तो म्हणजे शेवट. सिनेमाची शेवटची दहा मिनिटं आणि नंतर नावं येतात तेवढा वेळ आपल्याला कुठे नीट मिळतो, ते बघायचं. बाकी सगळ्यात घर बरंच पुढे आहे, हे मी आधीच कबूल करतो. (पुढे 'कोर्ट' आणि 'सैराट'चे शेवट आले आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून या, मी खरंच सांगतोय.)

थिएटरची तक्रार आधी सांगतो, कारण ती मोठी आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये 'कोर्ट' एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. हॉलमध्ये तीसेक माणसं असतील. सिनेमाच्या शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं बाहेर पडतात, कोर्टरूम रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा होतो. अगदी संपल्यासारखं वाटतं. आमच्या हॉलमध्येही सगळ्यांना तसंच वाटलं. ऑपरेटरने लाइट लावले, डाव्या बाजूचा एक्झिटचा दरवाजा उघडला, लोक उठून पिशव्या सावरायला लागले. आणि सिनेमा तर संपलाच नव्हता. ते न्यायाधीश सहलीला गेलेत, रिसॉर्टमध्ये आहेत, बाकावर डुलकी घेतायत, हा सगळा भाग अजून यायचा होता. तो मी उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या खांद्यावरून पाहिला. मुलं ओरडून न्यायाधीशांना जागं करतात, ते दचकून उठतात, त्यातल्या एका पोराच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. त्या थपडेच्या वेळी आमच्या हॉलमध्ये लाइट चालू होते आणि मागच्या रांगेत कुणीतरी गाडीच्या किल्ल्या शोधत होतं.

त्या दिवशी मी फार चिडलो होतो. पायऱ्या उतरताना ठरवूनच टाकलं की असले सिनेमे यापुढे घरीच.

उठायची ही घाई आपल्याकडे जुनी आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लावायची पद्धत आली होती, तर लोक त्याच्या आतच दाराकडे निघायचे. पुढे ती पद्धत मागे पडली आणि महाराष्ट्रात २००३ पासून राष्ट्रगीत सिनेमाच्या आधी लागायला लागलं. माझे वडील तर शेवटच्या मारामारीला चपला घालायचे, बस चुकू नये म्हणून. आताची पोरं मात्र सुपरहिरोंच्या सिनेमांमुळे नावं संपेपर्यंत बसायला शिकली आहेत, कारण नावांनंतर आणखी एखादा प्रसंग असतो. दाराशी झाडू घेऊन उभे असलेले सफाईवाले तेव्हा मुकाट्याने थांबतात. म्हणजे थांबता येतं. मराठी सिनेमाला मात्र सहसा कुणी थांबत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता घर. घराने मला पुष्कळ दिलंय. 'द डिसाइपल' २०२१ च्या एप्रिलअखेर थेट ओटीटीवरच आला. दुसरी लाट होती, थिएटरचा प्रश्नच नव्हता. मी तो रात्री एकटा बसून हेडफोन लावून पाहिला. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर बाइक चालवत माईंचं, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचं, बोलणं हेडफोनवर ऐकतो आणि इकडे माझ्याही कानात तोच तानपुरा, तोच आवाज. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सिनेमा येण्याच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला त्या गेल्या होत्या, हे डोक्यात होतंच. त्यामुळे त्या बाईचं बोलणं फार जवळून ऐकल्यासारखं वाटलं. शेवटी लोकलच्या डब्यात तो गाणारा माणूस येतो, तेव्हा आमच्या घरात पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. थिएटरात एवढी शांतता मला मिळाली असती का, शंका आहे.

शिवाय घरी बोलीतला एखादा शब्द कळला नाही तर मागे जाता येतं. आईचे गुडघे दुखतात, ती मध्ये उठून येऊ शकते. तान्हं मूल असलेल्यांना तर दुसरा पर्यायच नसतो. आणि तालुक्याच्या गावी जो सिनेमा लागलाच नाही तो बघायचा तर घरीच. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्या, हे सरकारने २०१५ मध्ये सांगून झालंय. तरी दुसऱ्या आठवड्यात शो कुठे गेला ते शोधावं लागतं, हा माझा नेहमीचा अनुभव. त्यामुळे घरी बघणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही.

पण मग 'सैराट'चं झालं.

तो मी २०१६ मध्ये थिएटरात पाहिला होता, दुसऱ्या आठवड्यात, हाउसफुल. 'झिंगाट'ला पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या, सगळी पोरं पडद्यासमोर नाचत होती. शिट्ट्या, ओरडा, एकाने तर शर्ट काढून फिरवला. आणि शेवटी तीच पोरं, तेच थिएटर. ते लहान मूल आत येतं, मारून टाकलेल्या आईबापांना बघतं, रडतं आणि त्या रडण्याचा आवाज आपल्याला येत नाही. सगळं मुकं होऊन जातं. मग ते बाहेर चालत जातं आणि फरशीवर त्याच्या तांबड्या पावलांचे ठसे उमटतात. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. लाइट लागले तरी लोक बसून होते. नंतर जिना उतरताना फक्त चपलांचा आवाज येत होता, एवढ्या माणसांच्या चपलांचा, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. शर्ट फिरवणारा पोरगा माझ्या दोन पायऱ्या पुढे होता. शर्ट परत अंगात घातलेला, बटणं चुकीची लागलेली. खाली रिक्षा स्टँडवर येईपर्यंत तसंच चाललं होतं.

काही वर्षांनी मावशी राहायला आली होती. तिने तो पाहिलेला नव्हता. "एवढं सगळे बोलतात, मला दाखव तरी," म्हणाली. आम्ही घरी एका ॲपवर लावला. मावशी मधूनमधून छान हसत होती, आर्ची बुलेटवरून येते तेव्हा "गं बाई!" म्हणाली. शेवट आला. मूल, शांतता, पावलं. मी पडद्याकडे न बघता मावशीकडे बघत होतो. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. आणि नावं सुरू होतात न होतात तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं, शेजारी दुसऱ्या कुठल्या तरी विनोदी सिनेमाचा फोटो आला, हसणारं जोडपं, आणि खाली आकडे सुरू झाले. पाच, चार, तीन. रिमोट गादीखाली गेला होता. तो सापडेपर्यंत त्या सिनेमाचं ढिंचाक संगीत सुरूसुद्धा झालं. मावशीने पदर खाली घेतला. "संपला का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती उठून कुकर लावायला गेली.

मला जे काय ठरवायचं होतं ते या एका गोष्टीने ठरवलं. काही जण म्हणतील की सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. बऱ्याच ठिकाणी येतं, खरं आहे, आणि मी केलंही. पण एका ॲपवर बंद केलं की दुसऱ्यावर चालू असतं, टीव्ही बदलला की परत सगळं करा. आणि मावशीला तो शेवट पहिल्यांदा बघायला मिळाला तो एकदाच. ती वेळ आता परत येणार नाही.

त्यानंतर मी 'कोर्ट' पुन्हा पाहिला, मुद्दाम घरी, उभ्या गृहस्थांशिवाय. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. कोर्टरूममधले दिवे विझायला लागले, पडदा काळा झाला, आणि माझा अंगठा सवयीने रिमोटवर पडला. खाली ती लांब पट्टी उमटली आणि तिच्या टोकाला थोडा सिनेमा शिल्लक दिसला. म्हणजे मला कळलंच की अजून आहे. अंधाराने मला फसवलं नाही. आणि तो अंधार तर फसवण्यासाठीच होता! आता सगळं मिटलं, माणसं घरी गेली, असं वाटायला लावून मग तो सहलीचा प्रसंग येतो. थिएटरात आम्ही सगळे फसलो होतो, लाइट लावणारासुद्धा. चिडचिड झाली ती झालीच, पण सिनेमा त्या दिवशी तिथे खऱ्या अर्थाने घडला होता, हे मला एवढ्या वर्षांनी पटलं. घरी किती उरलाय ते नेहमी माहीत असतं. रहस्यपटात तर फारच. अजून पाऊण तास शिल्लक आहे म्हणजे हा खुनी नव्हेच, एवढं शेंबडं पोरही सांगेल.

थिएटरबद्दल अजून एक सांगतो. तिथे निदान बोलायला माणूस असतो. 'कोर्ट'नंतर मी एक सवय लावून घेतली. इंटरव्हलला दारावरच्या मुलाला गाठायचं आणि सांगायचं, "दादा, नावं संपेपर्यंत लाइट लावू नका हं, आम्ही थांबणार आहोत." दहातल्या सहा-सात वेळा तो वर जाऊन सांगून येतो. एकदा एकाने मलाच विचारलं, "शेवटी काही आहे का काका?" मी म्हटलं, "काही नाही, पण बसायचंय." तो नंतर स्वतःही दाराला टेकून नावं बघत उभा राहिला होता. त्या कोपऱ्यातल्या चौकोनाला असं कुठे सांगता येतं?

तेव्हा भाचीला माझं म्हणणं असं. ज्या सिनेमात गोष्ट कळली की काम झालं, तो खुशाल घरी बघ. हिंदी असेल तर मोठ्या थिएटर साखळ्यांच्या आग्रहामुळे साधारण आठ आठवड्यांनी येतो. मराठीचं काही नक्की नाही, लवकर येतो किंवा फार उशिरा. ज्याचा शेवट कुणी सांगायच्या आत स्वतः गाठावा असं वाटतं, त्याला मात्र पहिल्या रविवारच्या आत जा. तुला प्रवास जास्त आहे, नोकरी नवी आहे, हे मला माहीत आहे, म्हणून हट्ट धरत नाही. साडेदहाचा शो घे, पावणेअकराच्या शोला सगळ्यांचं लक्ष शेवटच्या गाडीकडे असतं. मधली रांग घे, एक्झिटच्या बाजूची खुर्ची नको, दरवाजा लवकर उघडला की उजेड थेट डोळ्यांवर येतो. तिकीट शंभर रुपयांच्या वर गेलं की त्यात १८ टक्के जीएसटी असतो, पण मंगळवारी बऱ्याच ठिकाणी स्वस्त मिळतं. आणि घरीच बघणार असशील तर आधी पुढचा सिनेमा आपोआप लागायचं ते सेटिंग बंद कर, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि रिमोट हातात धरून बस.

२०२५ च्या सप्टेंबरात 'साबर बोंडं' लागला, तेव्हा मी आणि बायको गेलो. सनडान्सला मोठं बक्षीस मिळालेला सिनेमा, तरी हॉलमध्ये आम्ही धरून अकरा जण. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, त्याची आई, त्याचा लहानपणचा मित्र. पार्श्वसंगीत म्हणून मला काही ऐकू आलं नाही, भांडी, पाखरं आणि माणसांचं हळू बोलणं तेवढं होतं. शेवट सांगत नाही. नावं संपेपर्यंत लाइट लागले नाहीत, मी इंटरव्हललाच सांगून ठेवलं होतं. अकरापैकी सात जण बसून होते.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. स्टेशन पंधरा मिनिटांवर, आम्ही चालतच निघालो. पुलापर्यंत कुणीच काही बोललो नाही. पुलावर बायकोने छत्री माझ्या बाजूला कलती केली आणि विचारलं, "अण्णांच्या दहाव्याला तू दुपारभर दिसला नव्हतास. कुठे होतास रे?" एकवीस वर्षं झाली होती त्याला. तिने कधी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं की घाटाच्या मागे पिंपळाच्या पारावर बसलो होतो. त्या नादात आमच्या दोन गाड्या गेल्या.