परदेशी सूनबाईंचे कागद: टुरिस्ट व्हिसा, एक्स-२ की ओसीआय?

वरुडकडे संत्र्याची बाग सांभाळायला, किंवा आईवडील थकले म्हणून, बाहेरची नोकरी सोडून गावी परतणारी मुलं आता विदर्भात अधूनमधून दिसतात. त्यातल्या काहींच्या बायका परदेशी आहेत. हा आढावा अशा घरांसाठी आहे. सुनेनं कोणत्या कागदावर राहायचं? टुरिस्ट ई-व्हिसावर येत-जात, एक्स-२ नावाच्या एन्ट्री व्हिसावर मुदतवाढ घेत, की लग्नाची दोन वर्षं भरल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर? सून नेपाळची किंवा भूतानची असेल तर तिला व्हिसाच लागत नाही. पाकिस्तान-बांगलादेशचा मामला वेगळ्या नियमांनी चालतो आणि ओसीआयचा रस्ता त्यांना बंदच आहे. बाकीच्यांसाठी पुढचं.

माझं मत आधीच सांगतो: टुरिस्ट व्हिसावर संसार करू नका. दोन वर्षं एक्स-२ वर नीट काढा आणि पात्र झाल्या महिन्यातच ओसीआयचा अर्ज टाका.

लोक आधी पैशाचं विचारतात, पण या तिघांत खरा फरक पैशाचा नाही. ई-टुरिस्ट व्हिसा काही हजारांत होतो. ओसीआयला भारतातून अर्ज केला तर १५,००० रुपये लागतात, आणि टुरिस्ट व्हिसा टिकवायला एकदा विमानानं देशाबाहेर जाऊन आलं की तेवढे सहज उडतात. फरक आहे तो किती तारखा डोक्यात ठेवायच्या याचा. पहिल्यात दर काही महिन्यांनी एक तारीख येते, दुसऱ्यात वर्षा-दोन वर्षांनी, तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. खेड्यात तारखा चुकतात, कारण तिथं वर्ष पंचांग आणि पेरणी-वेचणीवर चालतं, इमिग्रेशनच्या शिक्क्यावर चालत नाही.

‘पाच वर्षाचा व्हिजा हाय ना भाऊ!’

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा मिळतो. पाच वर्षांचा मिळाला की घरात आनंदीआनंद. पण पाच वर्षं ही ये-जा करायची मुदत आहे, मुक्कामाची नाही. एका खेपेला सलग किती दिवस राहायचं याची मर्यादा वेगळी: बहुतेक देशांच्या नागरिकांना ९० दिवस, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८० दिवस. ती मोजायची विमानतळावर उतरल्याच्या शिक्क्यापासून. जर्मनीची किंवा फ्रान्सची सून आखाजीला आली, तर तिचे ९० दिवस निंदण-डवरणीच्या ऐन धांदलीत संपतात. तेव्हा घरातल्या कुणालाही पासपोर्ट उघडून पाहायची सवड नसते.

त्यात ई-व्हिसाला साधारणपणे मुदतवाढ मिळत नाही. मर्यादा संपायच्या आत देश सोडायचा, मग परत यायचं. नागपूरहून आखाताकडे थेट विमानं आहेत, त्यामुळे काही जोडपी हे करतातही. पण परत येताना इमिग्रेशनच्या खिडकीवरचा माणूस विचारतो, ‘टुरिस्ट आहात तर वर्षभर एकाच गावात काय करता?’ आणि त्याचं विचारणं चुकीचं नाही. टुरिस्ट व्हिसा फिरायला, नातेवाईकांना भेटायला आहे. लग्नाआधी घर-गाव दाखवायला, सासू-सासऱ्यांशी ओळख करून द्यायला तो उत्तम. तिथवरच.

(सेवाग्राम किंवा आनंदवनात सेवेसाठी येणाऱ्या परदेशी मंडळींनाही हेच लागू होतं. बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना चालतं. वर्षभर राहायचं असेल तर त्यांचा व्हिसा वेगळा.)

एक्स-२: कटकट आहे, पण आपल्या आवाक्यातली

भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्या-बायकोसाठी असलेला एन्ट्री व्हिसा तो हा. जोडपं अजून बाहेर असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातूनच तो घेऊन यावा, हे सगळ्यात सरळ. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या मुलीचं इथं भारतीयाशी लग्न झालं तर व्हिसा बदलून घेता येतो, पण त्याआधी चौकशी होते, दोघं एकत्र राहतात का ते पाहिलं जातं, आणि वेळ लागतो. टुरिस्ट व्हिसाचे शेवटचे आठ दिवस उरलेले असताना हे काम काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

मुदतवाढ, नोंदणी, पत्ता बदलणं हे सगळं २०१८ पासून ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतं. सलग १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर नोंदणीही लागते. जिल्ह्याचा परदेशी नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, पण कागद प्रत्यक्षात हाताळणारी माणसं त्यांच्या कार्यालयातली. त्यांची ओळख आधीच करून घ्यावी. परदेशी नागरिकांचे अर्ज त्यांच्याकडेही रोज येत नाहीत, त्यामुळे नियमाची प्रत सोबत नेली तर कुणी रागावत नाही.

गावात अडतं ते पत्त्याच्या पुराव्यापाशी. विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर, कधी कधी वारलेल्या आजोबांच्या नावावर. घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, तिसऱ्याच्याच नावावर. मुलाच्या आधारवर अजून पुण्याचा पत्ता. हे सगळं अर्ज भरताना लक्षात येतं आणि मग धावपळ सुरू होते. त्यामुळे व्हिसाच्या आधी घरातले कागद सरळ करा. मुलाचा आधारचा पत्ता गावचा करून घ्या, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढा, बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र घ्या. बीट जमादार चौकशीला आला की सून घरी असावी आणि शेजाऱ्यांना तिचं नाव माहीत असावं. ‘ते गोरीवाली बाई’ एवढंच शेजारी सांगू लागले तर त्याच्या वहीत काय लिहिलं जाईल, सांगता येत नाही.

आणखी एक: ज्याच्या घरी परदेशी व्यक्ती उतरते त्यानं २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. जुन्या लोकांना तो ‘सी फॉर्म’ म्हणून माहीत आहे. तो फक्त हॉटेलांना लागतो असा समज आहे, पण खासगी घरालाही लागतो.

एक्स-२ वर नोकरी करता येत नाही. तालुक्याच्या इंग्रजी शाळेचे संचालक हमखास विचारतात, ‘मॅडम, आमच्या पोरांना शिकवा ना.’ पगार घेऊन शिकवायचं तर आधी परवानगी लागते.

ओसीआय: दोन वर्षं थांबायचं, मग निवांत

नागरिकत्व कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपासून भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळतं. अट ही की लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. म्हणून मांडव उतरल्याबरोबर नोंदणी करा, ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणू नका. लग्न विशेष विवाह कायद्याखाली करायचं असेल तर एका पक्षाचं जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य लागतं, मग नोटिशीचे ३० दिवस. हे दिवसही सुनेच्या व्हिसात बसवायचे असतात, हे बहुतेक जण विसरतात.

कार्ड आलं की ते आयुष्यभराच्या व्हिसासारखं चालतं. कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंदणी नाही, मुदतवाढ नाही. नोकरीही करता येते. मतदान करता येत नाही. आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं: ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. वारसानं आलेली चालते. ‘दोन एकर सूनबाईच्या नावानं करून टाकू’ असं कुणी मायेनं म्हणालं तरी तलाठ्याकडे जायच्या आधी वकिलाला विचारा.

लग्नावर मिळालेलं ओसीआय लग्नाला बांधलेलं असतं. न्यायालयानं घटस्फोट दिला की ते जातं. नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांत त्याची प्रत, नवा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं लेखी निवेदन पोर्टलवर टाकायचं असतं. तारीख म्हणाल तर एवढीच.

भारतीय नागरिकत्वाचंही लोक विचारतात. त्यासाठी लग्नाव्यतिरिक्त सात वर्षांचा रहिवास लागतो, त्यातलं अर्जाआधीचं वर्ष सलग, आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सुनांना ते सोडवत नाही. माहेर आहे ते.

तारीख उलटली तर

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे. १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट त्यानं संपला. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात साधी चूक असेल तर तडजोडीची रक्कम भरून प्रकरण मिटतं: ३० दिवसांपर्यंत १०,००० रुपये, ९० दिवसांपर्यंत २०,०००, १८० दिवसांपर्यंत ५०,०००, वर्षापर्यंत एक लाख, आणि पुढे वाढत तीन लाखांपर्यंत. म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी १०,०००. शिवाय नाव काळ्या यादीत गेलं तर पुढचा व्हिसा मिळणं अवघड होऊन बसतं.

पैसे भरून हे मिटतं, म्हणून लोक हलक्यात घेतात. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती कुणी सांगत नाही. नागरिकत्व कायद्यात ‘अवैध स्थलांतरित’ची व्याख्या आहे. खोट्या कागदावर आलेला माणूस तर तिच्यात येतोच, पण खऱ्या व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेला परदेशी माणूसही येतो. आणि ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय ठरायचं असेल, तर आईवडिलांपैकी एक भारतीय असून भागत नाही. दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो. आता कल्पना करा: सुनेला आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, व्हिसा संपलेला, आणि घरचे म्हणतात, ‘बाळंतपण होऊ द्या, मंग पाहू.’ ग्रामपंचायत जन्माचा दाखला देते, बारसं होतं, कुणाला काही जाणवत नाही. प्रश्न उठतो तो पोराचा पासपोर्ट काढायला जाल तेव्हा, आईच्या पासपोर्टवरच्या तारखा आणि पोराची जन्मतारीख शेजारी ठेवल्यावर.

नागरिकत्वाच्या नोंदणीलाही हीच व्याख्या आड येते. म्हणून दिवस गेल्याचं कळलं की दवाखान्याच्या फाइलसोबत व्हिसाची तारीखही काढून ठेवा. बाळंतपणाच्या तारखेच्या पुढे पुरेशी मुदत असायलाच हवी. नसेल तर पोट दिसायच्या आधीच ई-एफआरआरओवर अर्ज जायला हवा.

तारीख आधीच उलटली असेल तर थेट विमानतळ गाठू नका. निघायचं असेल तरी आधी पोर्टलवरून बाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर इमिग्रेशन परत पाठवतं आणि तिकिटाचे पैसे बुडतात. राहायचं असेल तर स्वतःहून अर्ज करा. उशीर का झाला ते खरं लिहा आणि पुरावा जोडा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, हरवलेल्या पासपोर्टची पोलीस ठाण्यातली नोंद, जे असेल ते. एजंटाच्या सांगण्यावरून जुनी तारीख टाकलेला कागद लावू नका. खोट्या कागदाला नव्या कायद्यात किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, तिथं तडजोडीचा विषय राहत नाही. अर्ज केल्यावर पोर्टलवर मिळालेला क्रमांक आणि पावती छापून पासपोर्टसोबत ठेवा, आणि एक झेरॉक्स नवऱ्याच्या पाकिटात. नाक्यावर पोलिसांनी विचारलं तर दाखवायला दोघांपैकी एकाजवळ तरी असावी.