बिनपरवान्याचं पिस्तूल अन् सहा हजारांचा परवाना

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पाच एकरांचा धनी. टिपेश्वरचं जंगल आमच्या वावरापासून फार लांब नाही, त्यामुळे रब्बीत जागलीशिवाय गत नाही. एका रात्री रानडुकरांनी अर्धा एकर हरभरा असा उलथला की सकाळी वाटावं वखर फिरला. त्याच रागात मोबाइलवर ‘शिकारीसाठी पहिलं पिस्तूल कोणतं’ हे शोधत बसलो. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे हे ठाऊक होतं, पण रागात कोण कायदा पाहतो?

एका जाहिरातीवर नंबर टाकला अन् दोन दिवसांत फोन आला. माणूस लाघवी, प्रत्येक वाक्याला ‘दादा’. आठवड्यानं मोटारसायकलवर घरीच हजर. पिस्तूल काळं, हाताला जड. मुठीत गॅसची बोटाएवढी नळी बसवायची, साडेचार मिलिमीटरचे छर्रे. त्यानं धुऱ्यावर बिअरची बाटली ठेवली अन् दहा पावलांवरून फोडली. पोरांनी टाळ्या पिटल्या, माझा सौदा तिथंच झाला. काच फुटायला कितीसा जोर लागतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

"याले लायसन लागत नाही दादा. डुक्कर असो का रोही, कानामागं एक टाका, आडवं." अन् त्याच दमात, "पण पोलिसांची कटकट नको म्हणून पीक संरक्षण परवाना काढून देतो. सहा हजार."

लायसन लागतच नाही तर परवाना कायचा बाप्पा? हे घरात एकट्या आईनं विचारलं. तिला आम्ही गप्प बसवलं. पिस्तुलाचे साडेचौदा हजार अन् हे सहा, कापसाच्या चुकाऱ्यातून मोजून दिले.

तिसऱ्या रात्री मचाणावर बसलो. कडाक्याची थंडी. पाच-सहा डुकरं शिरली तसा हवेत बार काढला. ‘फट्!’ दिवाळीची लवंगी बरी. एकानं मान वर केली, पाहिलं, परत हरभऱ्यात घातली. थंडीत या गॅसचा दाब उतरतो म्हणे. सकाळी तेलाच्या रिकाम्या पिप्यावर वीस पावलांवरून मारून पाहिलं. पिप्याला पोचा, छर्रा चपटा होऊन खाली.

मग त्यानं दिलेल्या परवान्याचा कागद घेऊन ठाण्यात गेलो. जमादारानं शिक्का वाचला अन् हसू आवरलं: ‘जिल्हाधीकारी’, धी दीर्घ! चहा पाजून त्यानं समजावलं. वीस जूलच्या (जूल म्हणजे छर्र्याच्या जोराचं माप) आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, एवढं त्या भामट्याचं खरं. पण ते निशाणा शिकायचं. बंदुकीचा परवाना पोलीस चौकशी होऊन जिल्हाधिकारी देतात, त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा सरकारी ओळख नंबर असतो, असा परवाना घरपोच येत नसतो. पीक राखायला शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक सांगितली आहे, पिस्तूल नाही. अन् बंदूक असली तरी डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळीच.

"त्यानं खरं गावठी पिस्तूल दिलं असतं ना भाऊ, तर आज तुम्हीच आत असते," जमादार म्हणाला. यावर मी काय बोलणार?

या नादात वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करायचे तीन दिवसही निघून गेले. तक्रार दिली आहे. त्या भामट्याचा नंबर बंद. मात्र मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या साळ्याच्या मोबाइलवर तेच काळं पिस्तूल, तीच फुटकी बाटली आली. नंबर नवा, अन् खाली लिहिलेलं: ‘परवान्यासह, शेतकऱ्यांसाठी खास सूट.’