सीपी चेअर घेताना: माप मुलाचं, पारख आईच्या हातांची

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि अंगाचा तोल यांवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाला मांडीवर घेऊन भरवायचं, तर एका हाताने मान सावरायची, दुसऱ्याने घास द्यायचा आणि अंग ताठ झालं की गुडघ्याने अडवायचं. एकेका जेवणाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. वर्षानुवर्षं हे निभावणाऱ्या आयांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांच्या कमरेचा भार हलका करणारी वस्तू म्हणजे सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर, अशा मुलाला आधार देऊन बसवणारी खुर्ची, म्हणून ती आईच्या सोयीनेही पारखायला हवी.

नेहमीच्या लाकडी चेअरला पाठ, बैठक, पायपट्टी, गुडघ्यांमधला ठोकळा, कमरेचा आणि छातीचा पट्टा, पुढे काढता येणारा ट्रे असतो. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात आले की धडाला आधार मिळतो, हात मोकळे होतात, गिळणं सोपं जातं. रचना उत्तमच आहे.

बिघडतं ते मापात. ‘वाढत्या अंगाचं आहे’ म्हणून मोठी चेअर घेतली की मूल पुढे घसरतं, पाठीला पोक येतो आणि मान खाली पडते. बैठकीची मागून पुढची लांबी मुलाच्या पाठीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजून त्यातून दोन बोटं कमी करावी. रुंदीला दोन्ही बाजूंनी एकेक बोट जागा पुरे. पायपट्टीची उंची बूट किंवा स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा आधार) घालूनच ठरवावी. पाय लोंबकळत राहिले तर बाकीची मापं बरोबर असूनही उपयोग नाही.

बसवताना आधी कंबर पार मागे टेकवावी, मग कमरेचा पट्टा, मग पाय, शेवटी ट्रे. पट्टा पोटावर नको, जांघेच्या घडीवर तिरका हवा, खाली दोन बोटं जातील इतपत घट्ट. ठोकळा गुडघे अलग ठेवण्यासाठी आहे. मूल त्यावर येऊन अडत असेल तर कमरेचा पट्टा चुकलाय. छातीचा पट्टा मात्र डोळ्यांसमोरच वापरावा, कारण मूल खाली घसरलं तर तो थेट गळ्याशी येतो.

सगळ्यात खटकतो तो ट्रे. अनेक चेअरना तो दोन्ही बाजूंनी नट फिरवून बसवावा लागतो. एक हात मुलाच्या छातीवर असताना आईने हे करायचं कसं? एका हाताने सरकवून खटकन बसणारा ट्रेच घ्यावा, दुकानात स्वतः लावून पाहावा. चाकांना ब्रेक हवेतच. रेक्झिनवर उन्हाळ्यात पाठ घामेजते, वरून धुता येणारी सुती खोळ शिवून घ्यावी. वेल्क्रोत धागे अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने ते काढत राहावे.

सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी. उठवल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब पडतोय, थेरपिस्टला दाखवावं. थेरपिस्टनेही माप घेण्याआधी आईला विचारावं. मान कुठल्या बाजूला पडते, अंग कशाने ताठतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

विकत घेणं परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साहाय्यक साधनं देणारी योजना), उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, कानपूरच्या एलिम्को या अशी साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची चेअर मिळू शकते. अपंगत्व प्रमाणपत्र किमान 40 टक्क्यांचं लागतं. योजनेच्या शिबिराला नुसती कागदपत्रं पाठवू नयेत. मुलाला न्यावं, आईनेही जावं आणि तिथेच बसवून, ट्रे लावून पाहावा.