लातुरातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

नीटच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी लातुरात राहणाऱ्या माझ्या एकोणीस वर्षांच्या पुतण्याला मी येथील एका खासगी समुपदेशन केंद्रात चार वेळा घेऊन गेलो. पहिल्याच भेटीत मॅडमनी मराठी संमतिपत्र त्याच्यापुढे ठेवून, त्याचे बोलणे आम्हा घरच्यांनाही कळवले जाणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसल्यास कळवावे लागेल, हे सावकाश समजावले. गोपनीयतेचा हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्येही आहे. पुढच्या खेपेस मी "काय म्हणाला तो?" असे विचारले, तेव्हा "त्यालाच विचारा ना, काका," एवढेच उत्तर मिळाले. त्या वेळी राग आला, हे कबूल करतो. झोपेच्या गोळ्यांचा विषय निघताच, औषध लिहिणे आपल्या अधिकारात नाही, असे सांगून त्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

बाहेरच्या खोलीत मात्र निराळाच कारभार आहे. तेथील नोंदवहीत नाव, गाव आणि चक्क 'तक्रार' असे रकाने असून ती टेबलावर उघडीच असते. वरच्या ओळीत औशाच्या एका परिचिताचे नाव दिसले आणि मीच ओशाळलो. मी सांगितल्यावर 'तक्रार' हा रकाना बंद झाला, वही अजून उघडीच आहे.