ऑनलाइन शिकवायची तयारी: वर्कशॉप, सेल्फ-पेस्ड कोर्स, फॅसिलिटेटर असलेला कोर्स की कलिगची साथ?

पुढच्या सेमिस्टरपासून ऑनलाइन शिकवायचंय, ट्रेनिंगचे तीन-चार पर्याय समोर आहेत आणि नक्की कशात वेळ घालावा ते कळत नाहीये, अशा प्राध्यापकांसाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते, फॅसिलिटेटर म्हणजे कोर्स चालवणारं आणि तुमचं काम वाचणारं कोणी असलेला काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करा आणि सेमिस्टर चालू असताना एखाद्या कलिगला आपला कोर्स उघडून दाखवा, बाकी सगळं जमलं तर.

वर्कशॉप सगळ्यात सोपं पडतं. एक-दोन दिवस काढायचे, झूममध्ये ब्रेकआउट रूम म्हणजे छोट्या गटांच्या खोल्या कशा करायच्या, मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्लॅटफॉर्मवर क्विझ कशी लावायची हे हाताने करून बघायचं, अडलं की तिथल्या तिथे विचारायचं. एवढ्यासाठी ते उत्तमच आहे. पण शिकवायची पद्धत बदलायची असेल तर ते पुरत नाही. जॉयस आणि शॉवर्स या दोघा संशोधकांनी शिक्षकांच्या ट्रेनिंगवर १९८० च्या दशकातच हे मांडलंय की नुसतं समजावून आणि करून दाखवून वर्गापर्यंत फार थोडं पोचतं, नंतर कोणीतरी सोबत राहून कोचिंग केलं तरच नवीन गोष्ट टिकते.

सेल्फ-पेस्ड कोर्समध्ये माहिती भरपूर मिळते, तीही आपल्या वेळेने. उदाहरणार्थ २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचे व्हिडिओ विद्यार्थी कसे बघतात ते तपासलं होतं, तर व्हिडिओ कितीही मोठा असला तरी साधारण सहा मिनिटांच्या पुढे बघणं टिकत नव्हतं, आता हे एकदा कळलं की तासाभराचं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून टाकायचा विचार आपोआप मागे पडतो. पण तुमची असाइनमेंट वाचणारं कोणी नसतं, म्हणून ज्यांना स्वतःहून नेट लावून बसता येतं त्यांनीच हा पर्याय घ्यावा.

आता फॅसिलिटेटर असलेला कोर्स. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे तुम्ही स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होता. फोरमवर मनापासून काहीतरी लिहिलं आणि तीन दिवस कोणी फिरकलंच नाही की कसं वाटतं ते तिथे कळतं. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन शिकणं कसं घडतं याची जी कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी नावाची मांडणी केली त्यात टीचिंग प्रेझेन्स म्हणजे कोर्स आखणं, चर्चा पुढे नेणं आणि दिशा देणं, याला एवढं महत्त्व का दिलंय ते असं अनुभवलं की पटतं. शिवाय तुमच्या कामावर फीडबॅक मिळतो. समजा तुम्ही फोरमवर प्रश्न टाकला, 'या धड्याबद्दल तुमचं मत लिहा.' पहिल्या दोघांनी लिहिलं की बाकीचे त्यांचंच थोडं फिरवून टाकणार. चांगला फॅसिलिटेटर तिथेच सांगेल की दोन बाजू असलेलं एक खरं उदाहरण द्या, निर्णय घ्यायला लावा, आणि मूडलमध्ये असा फोरम प्रकार आहे की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत, तो वापरा. तोटा एकच, दर आठवड्याला काही तास खरोखर द्यावे लागतात.

बाहेरून कोर्स तपासून घ्यायचाही पर्याय असतो, क्वालिटी मॅटर्स या संस्थेचं रुब्रिक म्हणजे निकषांची यादी त्यासाठी बरंच वापरलं जातं. उद्दिष्टं, परीक्षा आणि साहित्य एकमेकांशी जुळतात का हे त्यात नीट बघतात, पण ते कोर्सच्या आराखड्याबद्दल असतं, तुम्ही रोज कसं शिकवता याबद्दल नाही.

ते दुसरं काम कलिगच करू शकतो, आणि त्याला खर्चही नाही. त्याला विद्यार्थी म्हणून, तेही मोबाइलवरून लॉगिन करू द्या आणि फक्त एवढंच सांगा, 'या आठवड्याची असाइनमेंट कुठे सबमिट करायची ते शोध.' तुम्ही काही न बोलता बघत बसा. तो तीन फोल्डर उघडून परत मागे आला तर विद्यार्थ्यांचे मेल का येतात ते समजतं. एखाद्या व्हिडिओचे आपोआप आलेले कॅप्शनही त्यालाच वाचायला सांगा, विषयातले खास शब्द तिथे हमखास चुकतात आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तर तेच लेक्चर असतं.

वेळ किती आहे यावर बरंच ठरतं. २०२० च्या मार्चमध्ये चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी आणीबाणीत केलेलं रिमोट टीचिंग आणि नीट आखलेला ऑनलाइन कोर्स यातला फरक सांगताना लिहिलं होतं की पूर्ण ऑनलाइन कोर्स तयार करायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. तेवढा वेळ असेल तर मी वर म्हटलं तसं करा. दोनच आठवडे हातात असतील तर टूल्सपुरतं वर्कशॉप करा, पहिले दोन आठवडे नीट बांधा, बाकी सेमिस्टर चालू असताना कलिगच्या मदतीने.

आणि कुठलाही फॉर्म भरायच्या आधी आयोजकांना एवढं विचाराच: माझी असाइनमेंट कोण वाचणार, किती दिवसांत परत देणार, आणि माझं सेमिस्टर सुरू झाल्यावर अडचण आली तर तुमच्यापैकी कोणी भेटेल का.