सेंद्रिय पशुपालनाच्या मानकांवर हरकती-सूचना: सरकारी सोय गोठेवाल्याच्या किती कामाची?

आधी गुण सांगून टाकतो: पाचपैकी अडीच तारे. सरकार सेंद्रिय मानकांचा मसुदा काढतं आणि त्यावर लोकांकडून हरकती-सूचना मागवतं. ही सोय फुकट आहे, वकील लागत नाही, साध्या ई-मेलवर काम होतं. पण ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला डोळ्यांसमोर ठेवून ती केलेली नाही. सातारा-सांगलीकडचा दूधवाला किंवा मेंढपाळ ही सोय वापरायला बसला की नेमकं कुठं अडतं आणि त्यातून काम कसं काढायचं, ते खाली.

पहिली अडचण दाराचीच. सेंद्रियचा कारभार तीन ठिकाणी वाटलेला आहे. निर्यातीसाठीचं प्रमाणीकरण, म्हणजे एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा या शेतमाल निर्यात प्राधिकरणाकडं. गटानं एकमेकांची तपासणी करायची पीजीएस-इंडिया पद्धत कृषी मंत्रालयाकडं. आणि पाकिटावरचं ‘जैविक भारत’ चिन्ह अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडं, २०१७ च्या नियमांनुसार. गोठ्यातल्या जागेबद्दलची सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाला धाडली तर ती वाया गेली म्हणून समजा, कारण त्यांचा संबंध लेबल आणि विक्रीशी. उलट किरकोळ थेट विक्रीच्या सवलतीचा प्रश्न अपेडाला विचारण्यात अर्थ नाही. (ही सवलत बऱ्याच जणांना ठाऊक नसते: वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकानं थेट ग्राहकाला विकलं तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र जैविक भारतचं चिन्ह लावता येत नाही.)

मुदत पुरेशी आहे. केंद्राच्या २०१४ च्या धोरणात किमान ३० दिवस सांगितलेत. अन्नसुरक्षा प्राधिकरण आणि भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) सहसा ६० दिवस देतात. पण मसुदा येतो इंग्रजीत, राजपत्रात आला तर हिंदीतही. मराठीत नाही. गावात बातमी पोचेपर्यंत निम्मी मुदत सरलेली असते. यासाठी एक पूर्ण तारा कापलाय.

आता सूचना लिहायच्या नमुन्याकडं. तक्ता साधा असतो: कलम क्रमांक, सुचवलेला बदल, कारण. बहुतेक सूचना फसतात त्या मधल्या रकान्यात. ‘शेतकऱ्यांच्या अडचणींचा विचार व्हावा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला कलमात घालायला तयार वाक्य हवं असतं. ते दिलं तर तो निदान ‘स्वीकारलं’ किंवा ‘नाकारलं’ असं तरी लिहू शकतो.

आणि आपल्या भागातून कोणत्या कलमावर लिहायचं? बहुतेक जण औषधांवर लिहितात. आमच्या मते ती ताकद फुकट जाते. लाळ्या-खुरकूताची लस सेंद्रियमध्ये चालते. कासदाह झाला आणि दुसरा इलाज उरला नाही तर प्रतिजैविकही देता येतं. फक्त दूध बाजूला काढण्याचा काळ वाढतो. कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या आयोगाच्या, मार्गदर्शक तत्त्वांत तो कायद्यातल्या मुदतीच्या दुप्पट आणि किमान ४८ तास आहे. हे जमण्यासारखं आहे. औषधाची तारीख आणि गाईचा बिल्ला क्रमांक वहीत टिपला की झालं.

खरं घोडं पेंड खातं ते खाद्याच्या कलमात. हिशेब करून बघा. चारशे किलो वजनाची, १२ लिटरची गाय दिवसाला साधारण १२ किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते) खाते: २५ किलो हिरव्या चाऱ्यातून ५, चार किलो कडब्यातून साडेतीन आणि चार किलो खुराकातून साडेतीन. कोडेक्समध्ये सुरुवातीच्या काळासाठी रवंथ करणाऱ्या जनावरांना ८५ टक्के खाद्य सेंद्रिय असावं असं आहे. उरलेले १५ टक्के म्हणजे १.८ किलो शुष्क, वजनावर दोन किलो. म्हणजे बाहेरचा खुराक निम्म्यावर आणावा लागतो. त्यातही सरकी पेंड बाद. २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुकबदल केलेला, कापूस आला आणि आज बाजारातली बहुतेक सरकी बीटीचीच. जनुकबदल केलेलं खाद्य सेंद्रियमध्ये एक टक्काही चालत नाही. गोळीपेंडेत युरिया असेल तर तीही बाद.

दुसरं म्हणजे वाढं, उसाचा हिरवा शेंडा. गळीत हंगामात वाळवा, पलूस, कराडकडं दावणीत जे हिरवं दिसतं ते बहुतांश उसाचं वाढं, आणि त्या उसाला युरिया नि तणनाशक पडलेलं असतं. म्हणजे स्वतःच्या रानात हत्तीघास, लसूणघास, मका करणारा सोडला तर हिवाळ्यात सेंद्रिय हिरवा चारा आणायचा कुठून? मसुदा करणाऱ्यांसमोर बहुधा कुरणात चरणारी गाय असते. उसाच्या पट्ट्यातली गाय त्यांना आपणच दाखवायला हवी.

म्हणून सूचना अशी लिहावी. कलम: खाद्य. मजकूर: ‘परिसरात सेंद्रिय पेंड उपलब्ध नसल्यास, जनुकबदल न केलेल्या पिकाची, रासायनिक द्रावक न वापरता घाण्यावर काढलेली पेंड एकूण शुष्क पदार्थाच्या १५ टक्क्यांपर्यंत, तीन वर्षांसाठी वापरता येईल.’ कारण: वरचा हिशेब, आकड्यांसकट. सोबत पर्यायही द्यावा, नाहीतर सूचना म्हणजे नुसतं रडगाणं वाटतं. शेंगदाणा आणि करडई पेंड आपल्याकडं मिळते. मात्र ओल धरलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं आणि ते दुधात उतरतं. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ही पेंड सुचवत असाल तर साठवणुकीची अटही स्वतःच घाला.

जागेबद्दल मात्र रडू नये. दावणीला कायम बांधून ठेवणं सेंद्रियमध्ये परवानगीशिवाय चालत नाही, त्यावर ‘आमच्याकडं जमीन नाही’ ही हरकत हमखास येते. मुक्त संचार गोठ्यात गाईला छपराखाली ३.५ आणि उघड्यावर ७ चौरस मीटर लागतात. पाच गाईंना ५२.५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. जमिनीची अडचण चराईत आहे, गोठ्यात नाही. या दोन गोष्टी एकत्र लिहिल्या की दोन्ही नाकारल्या जातात.

जत, आटपाडी, माण, खटावकडचा प्रश्न उलटा आहे. तिथं माडग्याळ मेंढी दिवसभर उघड्यावरच असते, पण चरते दुसऱ्याच्या रानात, आणि रात्री कळप बसवायचा वाडा पडतो तोही दुसऱ्याच्याच शेतात. सेंद्रियचं प्रमाणीकरण सुरू होतं सातबाऱ्यापासून. फिरत्या कळपाला सातबारा कुठला? फिरस्तीच्या वाटेची नोंद, गायरान आणि पडीक रानाचा वेगळा दर्जा, फवारलेल्या पिकाच्या धसकटात चारलेल्या दिवसांची मर्यादा, अशी वेगळी तरतूद लागेल. या विषयावर पशुपालकांनी स्वतः लिहिलेली सूचना सगळ्यात मोलाची ठरेल, कारण ती दुसरं कोणी लिहिणार नाही.

दुधाच्या संकलनावरही दोन ओळी टाका. गावातल्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवायच्या सामाईक टाकीत, पहिल्याच ओतण्यात सेंद्रिय दूध बाकीच्यात मिसळतं. वेगळा कॅन, वेगळी वेळ, वेगळी नोंद एवढ्यावर भागेल का, की वेगळा कूलरच लागेल, हे कलमात स्पष्ट असायला हवं.

सोयीतला मोठा दोष शेवटी. पाठवलेल्या ई-मेलचं पुढं काय झालं ते कळत नाही आणि दुसऱ्यांनी काय लिहिलं तेही दिसत नाही. अमेरिकेत प्रत्येक सूचना संकेतस्थळावर उघड वाचता येते आणि अंतिम नियमात सरकार मुद्द्यानिशी उत्तर देतं. म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१७ मध्ये मंजूर झालेला सेंद्रिय पशुधनाचा नियम २०१८ मध्ये मागं घेतला गेला. त्या वेळी आलेल्या ७० हजारांवर सूचनांपैकी बहुसंख्य मागं घेण्याच्या विरोधात होत्या. त्यांचा मोठा भाग एकाच छापील मजकुराच्या प्रती. पुढं २०२३ मध्ये नवा नियम आला आणि कोंबड्यांसाठीची छप्पर घातलेली पडवी ‘उघडी जागा’ धरायची नाही हे त्यात ठरलं. म्हणजे पाच वर्षांच्या वादात एका शब्दाची व्याख्याही कळीची ठरली.

त्यामुळं एकाच पत्रावर शंभर सह्या गोळा करत बसू नका. दूध संस्था, शेतकरी कंपनी, मेंढपाळांचा गट यांनी आपापल्या लेटरहेडवर, वेगवेगळ्या कलमावर, प्रत्येकी एक पान लिहावं. इंग्रजी भाषांतर आणि आकड्यांची तपासणी करायला बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात पशुसंवर्धनाच्या विषय विशेषज्ञांना विचारा. मेल मुदतीच्या आदल्या आठवड्यात पाठवा, विषयाच्या ओळीत मसुद्याचा क्रमांक घाला, आणि पोच आली नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टानं पाठवून पावती फाइलला लावा.