फॉल्ट शोधत बसलो आणि सात दिवस गेले

आधीच सांगतो, मी मशीनमधलं काही न कळणारा माणूस नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) कास्टिंग म्हणजे ओतीव नग तपासायला बारा वर्षं काढलीत, रोज शे-दोनशे नग हाताखालून जातात, ब्लो होल (हवेची पोकळी) आणि क्रॅक बघून रिजेक्टचा लाल रंग मारणं हेच माझं काम. आणि मीच घरी नवीन मिलिंग मशीन म्हणून लांबी (पुट्टी) भरलेलं कास्टिंग १ लाख २९ हजार ८०० रुपये मोजून आणलं. हसा, बायको पण हसली.

घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं उद्यमनगरातून घेतलेला एक जुना लेथ आहे, रविवारी मी त्यावर छोट्या इंजिनाची मॉडेलं करत बसतो. मिलिंगचं काम बाहेरून करून घ्यायचो पण एका कीवेसाठी (शाफ्टमधल्या चावीच्या खाचेसाठी) कुणाच्या शॉपमध्ये जाऊन ताटकळायचं, त्यांचं प्रॉडक्शन थांबवून आपला नग लावायचा, चहा पाजायचा, मला लाज वाटायला लागली होती. म्हणून टेबलावर बसणारी, फिरत्या कटरनं धातू कापणारी छोटी मिलिंग मशीन घ्यायची असं दोन वर्षं डोक्यात होतं. ऑनलाइन एकानं जाहिरात टाकलेली, नवीन, बॉक्सपॅक, पुण्यात गोडाऊन, किंमत बाकीच्यांपेक्षा वीसेक हजारांनी कमी. वीस हजार कमी का, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याला विचारलं नाही आणि स्वतःलाही नाही.

पैसे आगाऊ भरले. आता आठवतंय की बिल आलं तेव्हाच एक गोष्ट डोळ्यासमोर होती. माल खरंच पुण्याहून निघाला असता तर बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के लागले असते, माझ्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी होता, म्हणजे माल दुसऱ्या राज्यातनं निघालेला. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, ह्याचे वेगळेच. म्हणजे पुण्याचं गोडाऊन ही पहिलीच थाप. मी बिलावर फक्त स्वतःचं नाव बरोबर लिहिलंय का एवढं बघितलं.

आणि एक, तो माणूस सारखा म्हणत होता की सर, कुणाचातरी जीएसटी नंबर द्या, फर्मच्या नावावर बिल करतो, अठरा टक्के इनपुट मिळेल, म्हणजे फर्मला तेवढा टॅक्स वळता होईल. माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे, तो तयार पण झालेला, त्याच्या अकाउंटंटनं साफ नाही सांगितलं म्हणून राहिलं. त्या दिवशी मी त्या अकाउंटंटला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आज त्याच्या पाया पडायला तयार आहे, का ते पुढं सांगतो.

मंगळवारी ट्रान्सपोर्टचा फोन आला. गोडाऊन डिलिव्हरी होती, छोटा हत्ती करून गेलो, हमालाला दोनशे दिले, माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून सही केली. पेटी बघितली तर बाहेरून चांगली होती. तेव्हा काढलेला एक फोटो आहे, त्यात झूम करून बघितलं तर प्रत्येक खिळ्याच्या शेजारी एक रिकामं भोक दिसतंय. पेटी एकदा उघडून परत ठोकलेली. पण पेटीचा फोटो मी कशासाठी काढलेला, तर स्टेटसला टाकायला.

बुधवारी संध्याकाळी लावली. सुरू झाली, मोटरचा आवाज आला, मी खुश, आणि चाळीसेक सेकंदांनी गप. पॅनेलवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. बंद करून दोन मिनिटांनी चालू केली की परत चालते, परत तेवढाच वेळ, परत बंद. कटर लावलेला नाही, काही नाही, नुसतं रिकामं फिरतंय. लगेच त्यांच्या सपोर्टला फोन लावला, माणूस अगदी गोड बोलणारा. म्हणाला सर टेन्शन घेऊ नका, नवीन मशीन आहे, सगळं सेट करून देतो, मी सांगतो तसं करत जा.

आणि इथंच मी अडकलो. मला फॉल्ट शोधायला आवडतं हो! कुणी म्हटलं मीटर घे आणि हे बघ, की मी निघालोच. गुरुवारी म्हणाला तुमच्याकडं व्होल्टेज कमी असणार, मी मोजलं, २२८ होतं, मशीन चालू असताना २२४, म्हणजे काही वाईट नाही, तरी तो म्हणाला सर मोटर चालवणारं हे इलेक्ट्रॉनिक कार्ड नाजूक असतं, स्टॅबिलायझर लावा. शुक्रवारी ४,२०० रुपयांचा स्टॅबिलायझर आणला. फरक शून्य. शनिवारी म्हणाला अर्थिंग बघा, मग म्हणाला इमर्जन्सी स्विच लूज असेल, मग म्हणाला स्पिंडलपुढचं (कटर धरून फिरणाऱ्या दांड्यापुढचं) प्लॅस्टिकचं गार्ड उघडलं की मशीन बंद पडायला एक मायक्रोस्विच असतो तो बघा. सगळं बघितलं, सगळं ठीक. रविवारी सपोर्ट बंद. सोमवारी म्हणाला मागचं कव्हर उघडा आणि कार्डाचा फोटो पाठवा, मी म्हटलं कव्हरवर सीलचा स्टिकर आहे, तर म्हणाला आम्हीच सांगतोय ना सर, काढा. काढला. फोटो पाठवला. त्यावर अंगठा आला, बास.

मंगळवारी फोन केला तर दुसराच माणूस बोलला. सर, आमची रिप्लेसमेंट पॉलिसी सात दिवसांची आहे, काल संपली. आणि फोटोत दिसतंय की सील तुटलंय, त्यामुळं वॉरंटी पण गेली. मी म्हटलं अहो तुमच्याच माणसानं काढायला सांगितलं, तर म्हणतो असं कुठं लिहिलंय दाखवा. दाखवायला व्हॉट्सॲप उघडलं आणि बुधवारपासूनचं जे काय होतं त्यातलं जवळजवळ सगळं गायब. त्यांनी पहिल्याच दिवशी चॅटला चोवीस तासांत मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग लावलेली, वरती बारीक अक्षरात तशी ओळ येते, मी ती वाचलीच नव्हती. आणि सील काढायचं त्यानं फोनवर सांगितलेलं, लिहून नाहीच. सात दिवस मी समजत होतो की आपण मिळून फॉल्ट शोधतोय. तो फक्त दिवस मोजत होता.

राग आला की माणूस जे आधी करायला पाहिजे ते करतो. त्या रात्री मी मोटरवरून स्पिंडलला जाणारा बेल्ट काढला. दहा मिनिटांचं काम. बेल्ट काढून मोटर एकटी फिरवली तर अर्धा तास न थांबता चालली, मेन वायरच्या एका तारेवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर ०.७ अँपिअर. बेल्ट परत चढवला, कटर नाही, रिकामा स्पिंडल, ३.१ अँपिअर आणि चाळीस सेकंदांत पिवळा दिवा. म्हणजे कार्ड चांगलं होतं, व्होल्टेज चांगलं होतं, अर्थिंग चांगलं होतं, स्पिंडलच जड फिरत होता आणि कार्ड बिचारं स्वतःला वाचवायला बंद होत होतं. मग आठवलं, सात दिवसांत त्या गोड बोलणाऱ्यानं मला वायरिंगच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरवून आणलं पण स्पिंडलचं नाव एकदाही काढलं नाही. बेल्ट काढा असं एकदाही म्हणाला नाही. ज्याला मशीन माहीत आहे तो पहिलं हेच सांगेल. त्याला माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री राहतात, उद्यमनगरात फिटर म्हणून आयुष्य गेलं, आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात. त्यांना बोलवलं. ते आले, पॅनेलकडं बघितलंच नाही. बोटानं टेबलावरच्या टी-स्लॉटच्या (नग पकडायच्या खाचेच्या) तळातलं ग्रीस खरवडलं आणि बोट माझ्यापुढं धरलं, ग्रीसखाली ॲल्युमिनियमची बारीक चीप (कापलेला कीस) वाळून चिकटलेली. मी तर एक कट पण मारला नव्हता. मग टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूकडं बोट केलं, आट्यांवर राखाडी रंगाचे शिंतोडे, म्हणजे मशीन जोडलेली असतानाच वरून स्प्रे मारलेला. मग म्हणाले थिनर आण. कॉलमच्या (मशीनच्या उभ्या खांबाच्या) पायाशी फडकं घासलं तर रंग निघाला आणि खाली पिवळट लांबी. लांबी! मग पान्यानं ठोकलं. वरती टण्ण वाजलं, खाली पायाशी बद्द.

"अरं पडलंय की हे," मिस्त्री म्हणाले. "तू कास्टिंग बघतोस न्हवं रोज?"

काय बोलणार.

मग सगळं एका माळेत आलं. मशीन कुठंतरी पडली, बहुतेक आधीच्या गिऱ्हाइकाकडं जाताना नाहीतर त्याच्या हातून, कॉलमच्या पायाला क्रॅक गेला आणि दणक्यानं स्पिंडलच्या बेअरिंगला खड्डे पडले. बेअरिंग बदलायला खर्च येतो म्हणून कुणीतरी शहाण्यानं नट आवळून ठेवला, म्हणजे हातानं हलवलं तर प्ले (ढिलेपणा) लागत नाही, नवीन वाटतं. पण आवळलं की जड फिरणार, गरम होणार, करंट ओढणार. मिस्त्रींनी नट जरासा सोडला, करंट लगेच १.२ वर आला, मशीन थांबायची बंद झाली. आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये (कटर बसतो त्या निमुळत्या भोकात) लिव्हर डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावला तर काटा ०.०९ एमएम नाचतोय. चांगल्या मशीनला ०.०१, फार तर ०.०२ मी चालवून घेतला असता. डायल स्पिंडलला अडकवून टेबलावर गोल फिरवला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ०.३५ चा फरक, कॉलमच वाकडा उभा. एरवी वाकड्याला शिम (पातळ पत्रा) घालतात. पण क्रॅकला शिम घालतात होय?

मी उत्साहात म्हणालो चला, बेअरिंग काढूया. मिस्त्री म्हणाले हात लावू नको आता, आहे तसं राहू दे. पण नट सोडतानाचा व्हिडिओ मी काढला होता तेवढं तरी बरं झालं, कारण ओळखीच्या वकिलांनी पहिलं व्हिडिओ आहे का तेच विचारलं आणि तरीही नटाला हात का लावला म्हणून ओरडलेच.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, बिल कुणाच्या नावावर? माझ्या, असं म्हटल्यावर ते सैल झाले. फर्मच्या नावावर असतं आणि इनपुट घेतलेलं असतं तर समोरचा पहिल्याच झटक्यात म्हणाला असता की ही खरेदी धंद्यासाठी होती, हा ग्राहकच नाही, आणि मग निम्मा वेळ तेच सिद्ध करण्यात गेला असता. तो सारखा जीएसटी नंबर का मागत होता ते तेव्हा कळलं. निदान मला तरी तसंच वाटतं.

मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली. त्यानंतर चौथ्या दिवशी गोड बोलणारा परत उगवला, सर १५ हजार परत देतो, तक्रार मागं घ्या. म्हणजे पैसे होते, माणूस पण होता, फोन पण लागत होता. मी नाही म्हटलं. मग ई-जागृतीवर (ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर) कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार भरली. मला वाटत होतं विक्रेता बाहेरचा म्हणून तिकडं खेटे घालावे लागतील, तसं नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी काही नाही. सात दिवसांची पॉलिसी त्याची, कायद्याची नव्हे, हे मला कुणी त्या मंगळवारी सांगितलं असतं तर ती रात्र झोपलो असतो.

तुम्ही अशी मशीन मागवणार असाल तर माझ्यासारखं हमालाशेजारी उभं राहून सही ठोकू नका, पेटी उघडल्यापासून मोबाइल चालू ठेवा, आणि लावायच्या आधी बेल्ट सोडून स्पिंडल हातानं फिरवा, जड किंवा खरखरीत लागला की तिथंच थांबायचं आणि ईमेल टाकायचा, फोन नाही. ते म्हणतील हे उघडा ते बघा, तर म्हणायचं लिहून पाठवा. कॉलमच्या पायाला पान्यानं हळूच एक टोला घाला, एवढं तर आपल्या कोल्हापुरात पोरालाही कळतं की आवाज कसा यायला पाहिजे.

मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. स्टॅबिलायझर बायकोनं फ्रिजला लावला.

एक काम आहे. मशीनबरोबर आलेल्या टी-नटांपैकी (टी-स्लॉटमध्ये बसणाऱ्या नटांपैकी) दोन घरी बनवलेले आहेत, पट्टीतून कापून फाइल मारलेले, आणि दोन्हीवर सेंटर पंचनं तीन-तीन टिंब मारलेत. हे फॅक्टरीतलं काम नव्हे, माझ्यासारखाच कुणीतरी आपल्या शेडमध्ये बसून केलेलं आहे, आणि काम चांगलं आहे. राखाडी रंगाची छोटी मिलिंग मशीन पडली म्हणून किंवा पडलेली आली म्हणून ज्यानं परत पाठवली असेल आणि ही तीन टिंबं ज्याची असतील त्यानं मला गाठावं. त्याचं जुनं बिल आणि त्यावरचा सीरियल नंबर मिळाला तर माझं काम होतंय. टी-नट परत देतो.